स्प्रिंग कोणाची?

१६७५ साली लंडनमधल्या थॉमस टॉम्पियन या घड्याळजीनं इंग्लंडच्या राजासाठी, म्हणजे दुसऱ्या चार्ल्ससाठी, खिशात ठेवायचं एक घड्याळ बनवलं. त्यावर त्यानं लॅटिनमध्ये एवढंच कोरलं: शोध रॉबर्ट हूकचा, १६५८, घडण टॉम्पियनची, १६७५. घड्याळावर कारागिराचं नाव असायचंच, त्यात नवल नव्हतं. पण शोध लावणाऱ्याचं नाव, तेही सतरा वर्षांपूर्वीच्या सालासकट? हे साल राजाच्या नजरेस पडावं म्हणूनच कोरलेलं होतं. त्याच सुमारास पॅरिसमध्ये राहणाऱ्या क्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाच्या वतीनं, याच शोधासाठी, याच राजाकडे पेटंट मागितलं जात होतं.

भांडण होतं केसाएवढ्या बारीक पोलादी स्प्रिंगवरून.

ती स्प्रिंग एवढी मोलाची का, हे कळायला आधी लंबकाकडे जावं लागतं. झोपाळ्याला झोका लहान द्या की मोठा, जाऊन-येऊन लागणारा वेळ जवळपास तेवढाच असतो. गॅलिलिओनं हे ओळखलं होतं आणि आयुष्याच्या शेवटी, डोळे गेल्यावर, लंबकाच्या घड्याळाची कल्पना मुलाला सांगून ठेवली होती. घड्याळ मात्र त्याच्या हातून झालं नाही. ते केलं हायगेन्सनं, १६५६ च्या नाताळात. पुढच्या जूनमध्ये हेगचा घड्याळजी सालोमन कॉस्टर याच्या नावे त्याचं एकवीस वर्षांचं पेटंट निघालं. दिवसाला पंधरा मिनिटं चुकणारी घड्याळं आता पंधरा सेकंदांच्या आसपास चुकू लागली. विज्ञानाच्या इतिहासात एवढी मोठी उडी एका झटक्यात क्वचितच बसते.

पेटंटचा उपयोग? वर्षभरातच रॉटरडॅमचा सिमोन डाऊ नावाचा घड्याळजी उभा राहिला. माझं घड्याळ वेगळं आहे, म्हणाला, आणि प्रकरण कोर्टात गेलं. लंडनच्या फ्रोमँटील घराण्यानं तर आपला मुलगा योहानेस १६५७ च्या सप्टेंबरात सरळ कॉस्टरच्या दुकानात कामाला धाडला. पुढच्याच वर्षी लंडनच्या वृत्तपत्रात फ्रोमँटीलच्या नव्या घड्याळांची जाहिरात आली. डच पेटंट समुद्रापलीकडे चालत नव्हतं, त्यामुळे कोणी हरकत घ्यायचा प्रश्नच नव्हता. हायगेन्सला यातून फारसे पैसे मिळाले नाहीत, पण एक धडा मिळाला: पुढच्या वेळी फ्रान्स, हॉलंड, इंग्लंड सगळीकडे एकदम हात घालायचा.

लंबक भिंतीवर उत्तम चालतो, खिशात नाही. जहाजावरही नाही. आणि खरा पैसा जहाजावर होता. सुरत-मुंबईकडे येणाऱ्या ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांपासून अमेरिकेला जाणाऱ्या गलबतांपर्यंत कोणालाच भर समुद्रात आपण पूर्व-पश्चिम नेमके कुठे आहोत हे सांगता येत नव्हतं. निघालेल्या बंदराची वेळ बिनचूक ठेवणारं घड्याळ सोबत असेल, तर तिथली वेळ आणि डोक्यावरच्या सूर्याची वेळ यांतल्या फरकावरून रेखांश काढता येतो. चार मिनिटं म्हणजे एक अंश. विषुववृत्तावर एक अंश म्हणजे एकशे अकरा किलोमीटर. घड्याळ चार मिनिटं चुकलं तर जहाज मुंबईऐवजी भलत्याच किनाऱ्यावर.

त्या काळची खिशातली घड्याळं चार मिनिटांचं तर नावच काढत नव्हती. त्यांना मिनिटकाटाच नसे, कारण दाखवण्यासारखं मिनिटच नव्हतं. आतलं चाक इकडून तिकडे ढकललं जाई, पण त्याला स्वतःची लय नव्हती. मुख्य स्प्रिंगचा जोर जास्त असला की ते जलद हले, चावी उतरत आली की मंदावे. दिवसाला अर्धा तास इकडे-तिकडे होणं हा घड्याळाचा धर्मच मानला जाई. या चाकाला स्वतःची लय देणारं काहीतरी हवं होतं. लंबकाला परत खेचायला पृथ्वी असते. चाकाला परत खेचायला स्प्रिंग का असू नये?

हे पहिल्यांदा कोणाच्या डोक्यात आलं, इथून भांडण सुरू होतं.

रॉबर्ट हूक हा आइल ऑफ वाइटवरच्या एका पाद्र्याचा मुलगा. ऑक्सफर्डला रॉबर्ट बॉइलचा मदतनीस, पुढे रॉयल सोसायटीत प्रयोग करून दाखवणारा पगारी माणूस. सोसायटीत सरदार आणि श्रीमंत हौशी भरपूर होते. दर आठवड्याला त्यांच्यासमोर नवं काहीतरी मांडायची जबाबदारी मात्र हूकची. सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या जगाचं ‘मायक्रोग्राफिया’ हे त्याचं पुस्तक १६६५ मध्ये आलं आणि गाजलं. माणूस बुद्धीनं लखलखीत, तब्येतीनं तोळामासा, स्वभावानं संशयी. त्याच्याकडे कल्पना इतक्या होत्या की एक पुरी करायच्या आत दुसरी हाक मारायची. आणि कोणीही तिसऱ्यानं ती पुरी केली की हूक म्हणायचा, ही माझी. खूपदा ती खरोखरच त्याची असे, हा यातला त्रासदायक भाग.

स्प्रिंगच्या घड्याळाचा विचार आपण १६५८ पासून करत होतो, असं त्याचं म्हणणं. १६६० नंतर त्यानं बॉइल, लॉर्ड ब्रंकर आणि सर रॉबर्ट मरे या तीन वजनदार माणसांना तो सांगितला. चौघांनी मिळून पेटंट घ्यायचं, नफा वाटून घ्यायचा, असा कराराचा मसुदाही झाला. तो फिसकटला एका कलमावरून. हूकनं गुपित उघड केल्यावर दुसऱ्या कोणी त्यात सुधारणा केली, तर त्या सुधारणेचा लाभ त्या दुसऱ्याला मिळावा, असं ते कलम होतं. हूक उठून गेला. माझ्या तत्त्वात शंभर तऱ्हांनी फेरफार करता येईल, मग मला राहिलं काय, असा त्याचा सवाल होता.

व्यवहार म्हणून पाहिलं तर तो चुकला नव्हता. आजचा कुठलाही पेटंट वकील त्याला हेच सांगेल. पण मग त्यानं करायला हवं होतं ते केलं नाही. घड्याळ पुरं करून बाजारात आणलं नाही, की तत्त्व छापून मोकळं केलं नाही. कधी व्याख्यानात इशारा, कधी सभेत एखादा नमुना, आणि बाकी सगळं पोटात. १६६५ मध्ये मरेनं हायगेन्सला लिहिलेल्या पत्रात हूकच्या या कल्पनेचा उल्लेख सहज करून टाकला. हायगेन्सनं उत्तरात कळवलं की असलं काहीतरी आपण पॅरिसमध्ये १६६० सालीच ऐकलं होतं. म्हणजे कल्पना तेव्हा हवेतच होती. तिच्या भोवती फिरणारे लोक चार-पाच तरी होते.

दहा वर्षांनी, २० जानेवारी १६७५ रोजी, हायगेन्सनं आपल्या वहीत एक आकृती काढली: चाकाच्या आसाला आतलं टोक जोडलेली, वळ्यावळ्यांची चपटी सर्पिल स्प्रिंग. शेजारी ‘युरेका’. सरळ पट्टीची स्प्रिंग थोडीच हलू देते. सर्पिल स्प्रिंग असली की चाक पूर्ण फेरी घेऊन परत येऊ शकतं, आणि झोका लहान-मोठा झाला तरी वेळ जवळपास तोच राहतो. लंबकाचा गुण खिशात आला.

हायगेन्स तेव्हा चौदाव्या लुईच्या पदरी होता. फ्रेंच अकादमीतला सर्वांत मानाचा शास्त्रज्ञ, राजाच्या ग्रंथालयात राहायला जागा. पण हातानं घड्याळ करणं हे त्याचं काम नव्हतं. त्यासाठी पॅरिसचा उत्तम घड्याळजी इसाक त्युरे. २२ जानेवारीला हायगेन्सनं त्याला गुप्ततेची शपथ घालून समोर बसवून नमुना करून घेतला. त्युरेनं लगेच आणखी एक नमुना स्वतःसाठी केला आणि एक-दोन दिवसांत तो थेट मंत्री कोलबेरला नेऊन दाखवला. हायगेन्सच्या आधी. शोधात आपलाही वाटा आहे, असं त्याला वाटत होतं. हायगेन्स संतापला, बोलणं बंद झालं, आणि काही महिन्यांनी त्युरेला माफीपत्र लिहून द्यावं लागलं. मला या प्रकरणात त्युरेची थोडी बाजू घ्यावीशी वाटते. कागदावरची सर्पिल रेघ आणि ठरावीक जाडीची, ठरावीक ताणाची, सगळीकडे सारखी असलेली पोलादी स्प्रिंग यांच्यामधलं सगळं अंतर त्यानं एका दिवसात आपल्या हातांनी कापलं होतं. कायद्याच्या भाषेत त्याला नाव नव्हतं.

फेब्रुवारीत लुईकडून सनद मिळाली. पण ती पॅरिसच्या न्यायसभेत नोंदवली गेल्याशिवाय लागू होणार नव्हती, आणि तिथे ओर्लेआँचा जाँ द ओतफय हा धर्मगुरू आडवा आला. घड्याळाला सरळ स्प्रिंग लावण्याची आपली कल्पना आपण १६७४ मध्येच अकादमीपुढे मांडली होती, असं त्याचं म्हणणं, आणि ते खरंही होतं. खटला रेंगाळत गेला. हायगेन्सनं शेवटी नाद सोडला. फ्रान्समधल्या कुठल्याही घड्याळजीला स्प्रिंग बसवायला मोकळं रान मिळालं.

आता लंडन. हायगेन्सनं रॉयल सोसायटीचा सचिव हेन्री ओल्डेनबर्ग याला जानेवारीच्या अखेरीस एक कोडं पाठवलं. अक्षरांची उलटापालट केलेलं ते वाक्य होतं. हा त्या काळातला पहिलेपणा नोंदवण्याचा रिवाज: तारीख लागून राहते, गुपित फुटत नाही. फेब्रुवारीत त्यानं उकल कळवली. सभेत पत्र वाचलं गेलं तेव्हा हूक समोरच बसलेला. (तारखा जुळवताना इथे सांभाळावं लागतं. इंग्लंडची दिनदर्शिका पॅरिसच्या दहा दिवस मागे होती. वेळेच्या मालकीवर भांडणाऱ्या दोन शहरांत आजची तारीखही एक नव्हती.) हूक उठला आणि म्हणाला, हे माझं जुनं आहे. हायगेन्सची स्प्रिंग कवडीमोलाची आहे, असंही त्यानं रोजनिशीत लिहून ठेवलं. आपल्याच शोधाला कवडीमोल म्हणतोय, हे रागाच्या भरात त्याच्या ध्यानात आलं नसावं.

आगीत तेल पडलं ते पुढे. इंग्लंडमधल्या पेटंटचा हक्क हायगेन्सनं ओल्डेनबर्ग आणि सोसायटीला देऊ केला, आणि ओल्डेनबर्गनं तसा अर्ज करायची तयारी केली. इंग्रजी कायदा यासाठी सोयीचा होता. राजानं मर्जीतल्या दरबाऱ्यांना मिठापासून पत्त्यांपर्यंत कशाचीही मक्तेदारी वाटावी, याला कंटाळून पार्लमेंटनं १६२४ मध्ये अशा मक्तेदाऱ्या रद्द केल्या होत्या. अपवाद नव्या शोधाचा: खऱ्या आणि पहिल्या शोधकाला चौदा वर्षं. पण परदेशातली नवी युक्ती जो पहिल्यांदा इंग्लंडात आणील, तोही कायद्याच्या नजरेत शोधकच. त्यामुळे हायगेन्सच्या हक्कावर ओल्डेनबर्गला पेटंट मिळू शकत होतं.

हूकचा संशय आता पक्का झाला. ब्रेमेनहून आलेला हा जर्मन आपली गुपितं परदेशात विकतो, असा आरोप त्यानं पुढे छापूनसुद्धा केला. सोसायटीनं सचिवाची पाठराखण केली. आरोप विकण्याचा होता, तो खोटा. गोष्टी लंडनहून हायगेन्सपर्यंत झिरपल्या होत्या, हे मात्र खरं. पण झिरपवणारा मरे १६७३ मध्ये वारला होता, आणि ते पत्र हूकच्या हाती नव्हतं.

हूकनं मग दुसरा मार्ग धरला. एप्रिलमध्ये सर जोनास मूर याच्या मध्यस्थीनं तो राजापुढे गेला आणि टॉम्पियनकडून घड्याळ करून घ्यायला बसला. टॉम्पियन बेडफर्डशायरच्या लोहाराचा मुलगा, दुकान फ्लीट स्ट्रीटजवळच्या वॉटर लेनमध्ये. हूक रोज त्याच्या डोक्यावर. काम लवकर होईना की रोजनिशीत शिव्या. पण नुसत्या शिव्या नाहीत. दातेरी चाकं कापायच्या यंत्रापासून धातूच्या गुणांपर्यंत दोघांची बोलणी तासन्‌तास चालत. कॉफीहाउसमध्ये बसून जगातला एक श्रेष्ठ प्रयोगकर्ता आणि एक घड्याळजी एकमेकांना शिकवत होते. या सबंध प्रकरणातलं मला सर्वांत आवडणारं दृश्य हेच आहे.

उन्हाळ्यात पॅरिसहून हायगेन्सचं घड्याळ लॉर्ड ब्रंकरकडे आलं. राजापुढे आता दोन घड्याळं होती आणि दोन दावे. दुसरा चार्ल्स शास्त्राचा शौकीन होता, पण निर्णय टाळण्यात त्याच्याइतका वाकबगार राजा विरळा. टॉम्पियनचं घड्याळ मधूनच बंद पडे, दुरुस्तीला जाई, परत येई. हूकला आश्वासनं मिळाली. पेटंट हूकला मिळालं नाही, ओल्डेनबर्गलाही नाही.

१६७७ मध्ये ओल्डेनबर्ग वारला. सोसायटीचं सचिवपण हूककडे आलं आणि त्यानं पहिल्यांदा काय केलं असेल, तर जुनी इतिवृत्तं उपसायला घेतली. आपल्या नोंदी ओल्डेनबर्गनं गाळल्या, याचा पुरावा त्याला हवा होता. दरम्यान स्प्रिंगचं मूळ तत्त्व, जेवढा ताण तेवढा जोर, तेही त्यानं आधी १६७६ मध्ये अक्षरांचं कोडं करून छापलं आणि दोन वर्षांनी उकललं. शाळेत आपण ज्याला हूकचा नियम म्हणून घोकतो, तो या भांडणाच्या धगीत बाहेर आला. स्प्रिंगचं चाक एका लयीत का हलतं, याचं उत्तर नेमकं त्या नियमात आहे.

आणि घड्याळं? ती कोणाचीच वाट पाहत बसली नव्हती. पेटंट नाही म्हटल्यावर लंडनचा जो तो घड्याळजी स्प्रिंग बसवू लागला. चूक दिवसाला काही मिनिटांवर आली, मिनिटकाटा सर्रास दिसू लागला, आणि पुढची शंभर वर्षं इंग्लिश घड्याळांची सर कोणाला आली नाही. एकाच्या हातात चौदा वर्षांचा मक्ता असता, आणि तो हात हूकचा असता, तर हे इतक्या लवकर झालं नसतं, असं माझं मत आहे.

लंडनच्या घड्याळजींच्या कंपनीनं, म्हणजे १६३१ पासूनच्या त्यांच्या संघानं, यातून आपला धडा घेतला. पेटंट म्हटलं की आडवं जायचं. १६८७ च्या सुमारास एडवर्ड बार्लो या पाद्र्यानं खटका दाबला की अंधारात तास नि पाव तास वाजवून सांगणाऱ्या घड्याळासाठी पेटंट मागितलं, तेव्हा कंपनीनं डॅनियल क्वेअर या आपल्या सभासदाचं तसंच घड्याळ पुढे केलं. दुसऱ्या जेम्स राजानं दोन्ही वाजवून पाहिली. बार्लोच्या घड्याळाला तासांसाठी एक आणि पाव तासांसाठी दुसरा असे दोन खटके होते. क्वेअरचं एकाच खटक्यात दोन्ही सांगे. राजाला क्वेअरचं आवडलं. बार्लोचा अर्ज बारगळला.

सगळ्यात नामी लढाई १७०४ ची. निकोलस फातिओ द डुइये हा जिनिव्हाकडचा गणिती. न्यूटनचा जवळचा मित्र, हायगेन्सच्याही घरोब्यातला. त्याची युक्ती अशी: माणकाला आरपार सूक्ष्म भोक पाडून त्यात चाकाचा आस फिरवला, तर घर्षण आणि झीज जवळपास नाहीशी होते. पितळेचं भोक रुंदावत जातं, माणकाचं नाही. पॅरिसमध्ये त्याला कोणी विचारलं नाही, म्हणून तो लंडनला आला आणि पीटर व जेकब दबोफ्र या फ्रेंच घड्याळजी बंधूंबरोबर त्यानं मे १७०४ मध्ये चौदा वर्षांचं पेटंट मिळवलं. तिघांना हाव सुटली. मुदत वाढवून घ्यायला ते पार्लमेंटकडे गेले. कंपनीनं मग एक जुनं घड्याळ हजर केलं. कर्ता इग्नेशियस हगफर्ड, आणि चाकावरच्या पुलावर लखलखणारा खडा. पाहा, माणिक आधीपासून वापरात आहे! अर्ज फेटाळला गेला.

कंपनीनं ते घड्याळ जपून ठेवलं. पुढे कधीतरी ते उघडून नीट तपासलं तेव्हा कळलं की तो खडा नुसता शोभेचा होता. त्यात ना आस फिरत होता, ना भोक त्या कामाचं होतं. पुरावा म्हणून मांडलेली वस्तू पुरावाच नव्हती, आणि पार्लमेंटमधल्या कोणाला ती उघडून पाहावीशी वाटली नव्हती. पण फातिओचं फार बिघडलं असं नाही. माणकाला भोक पाडण्याचं कसब लंडनच्या मोजक्या कारागिरांनी इतकं गुप्त ठेवलं की युरोपातल्या घड्याळजींना ते मिळवायला कित्येक दशकं लागली. कागदी हक्कानं जे जमलं नसतं ते तोंड बंद ठेवून जमलं. खुद्द फातिओ १७०७ मध्ये वेगळ्याच भानगडीत सापडला. जगबुडीची भाकितं करणाऱ्या फ्रेंच ‘प्रेषितां’च्या नादी लागल्याबद्दल त्याला चेअरिंग क्रॉसच्या चौकात खोड्यात उभं केलं गेलं.

हूक १७०३ मध्ये वारला, आपल्याला लुबाडलं गेलं या समजुतीतच. त्याच्या मागे न्यूटन सोसायटीचा अध्यक्ष झाला. दोघांचं पटत नव्हतं, त्यामुळे हूकची बाजू मांडायला फारसं कोणी उरलं नाही. मग २००६ मध्ये हँपशरमधल्या एका घरातल्या कपाटात हूकच्या हस्ताक्षरातली पाचशेहून जास्त पानं सापडली. लिलाव व्हायच्या काही मिनिटं आधी रॉयल सोसायटीनं ती दहा लाख पौंडांच्या घरात घेतली. ओल्डेनबर्गच्या इतिवृत्तांतून त्यानं उतरवून काढलेल्या नोंदी त्यात आहेत, रागीट शेऱ्यांसकट. आणि २३ जून १६७० च्या सभेचा कागदही, ज्यात हूकनं नव्या प्रकारचं खिशातलं घड्याळ दाखवल्याची नोंद आहे. हायगेन्सच्या ‘युरेका’च्या साडेचार वर्षं आधी.

म्हणजे हूक खोटं बोलत नव्हता. चाकाला स्प्रिंग लावावी ही कल्पना इंग्लंडात त्याची, आणि तिथे तो पहिला. पण चालणारी सर्पिल स्प्रिंग हायगेन्सची, आणि ती पोलादात उतरवणारे त्युरे आणि टॉम्पियन. पेटंटच्या अर्जात एकाच नावाची जागा होती. प्रकरण चिघळलं ते तिथे.

घरात आजोबांचं एखादं चावीचं घड्याळ असेल, एचएमटीचं ‘जनता’ असलं तर उत्तमच, तर ते मोडीत घालू नका. तबकडीवर १७ ज्वेल्स असं लिहिलेलं असेल, ती फातिओची माणकं. एखाद्या जुन्या घड्याळजीकडे नेऊन मागचं झाकण उघडायला सांगा आणि बॅलन्स व्हीलवरची सर्पिल हेअरस्प्रिंग बघून घ्या. क्वार्ट्झ घड्याळात ती नसते.